बहात्तरचा रस्ता

गॉलवेहून तासाभरावर, क्लेअर परगण्यात बरेन नावाचा भाग आहे. नुसता चुनखडक, मैलोन्‌मैल. पाऊस धो धो, पण माती औषधाला नाही. म्हणजे आपल्या नेमकं उलटं. तिथं फिरताना एक रस्ता दिसला. दोन्ही बाजूंना रचलेले दगड, मधे गवत. टेकडी चढून वर जातो आणि वरच संपतो. पुढं घर नाही, देऊळ नाही, साधा गोठासुद्धा नाही.

खालच्या घरातले म्हातारबाबा कुंपण दुरुस्त करत होते. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "फॅमिन रोड," म्हणजे दुष्काळातला रस्ता. आणि लगेच त्यांचे पणजोबा कुठपर्यंत दगड फोडत आले होते, ती जागा हातानं दाखवली. जणू परवाची गोष्ट.

1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला आणि गरिबाचं ताटच गेलं. सरकारचं म्हणणं, फुकट काही नाही, आधी काम करा. मार्च 1847 मध्ये सात लाखांवर माणसं अशा कामांवर होती. मग कामं बंद करून सूप वाटायचं ठरलं, आणि कितीतरी रस्ते होते तिथंच राहिले.

मला आमच्या गावाचा खडीचा पट्टा आठवला. औसा तालुक्यातलं गाव आमचं. गावातून निघून ओढ्यापाशी थांबणाऱ्या त्या रस्त्यावर मी सायकल शिकले. तो तिथंच का थांबतो, हे कधी विचारलं नव्हतं.

रात्री आजीला व्हिडिओ कॉल लावला.

"त्यो व्हय? बहात्तरचा. आम्हीच फोडली की खडी. पाणी पडलं, तवा काम बंद झालं."

"कुणी कुणी?"

"कोण न्हवतं ते इचार. नवी नवरी हुते मी. सासूबाईच्या शेजारी बसून फोडायचे." मग अंगठा दाखवायला तिनं हात कॅमेऱ्याच्या इतका जवळ आणला की स्क्रीनभर नुसता तपकिरी रंग. "हातोडी बसली हुती. नख दुभंगूनच येतंय आजूक. दिसायलंय का गं?"

काही दिसत नव्हतं. हो म्हणाले.

मे 1973 मध्ये राज्यभर 50 लाखांच्या आसपास लोक दुष्काळी कामांवर होते, हे मी स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये पाठ केलं होतं. त्यातली एक माझ्या घरात भाकरी थापत होती, हे त्या नोट्समध्ये नव्हतं.

इथं आयर्लंडमध्ये 1937 ते 1939 या काळात लोककथा आयोगानं शाळेतल्या पोरांना एक काम लावलं. घरी जा, म्हाताऱ्यांना विचारा, वहीत उतरवा. जुने रस्ते, विहिरी, दुष्काळाचे दिवस, सगळं. साधारण 5,000 शाळा आणि 7,40,000 पानं. आता ती 'डूखस' नावाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. शब्दाचा अर्थ वारसा, पण मला दर वेळी दुःखच ऐकू येतं.

गेल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला, गावी गेले तेव्हा फोनचा रेकॉर्डर चालू ठेवूनच शिवारात हिंडले. शेतातल्या कोपीत, म्हणजे कडब्याच्या खोपटात, पांडवांची पूजा झाली, भज्जी-आंबील पोटात गेली, आणि माणसं बोलायला लागली. सातबाऱ्यावर नुसते गट नंबर. तोंडी मात्र प्रत्येक तुकड्याला नाव. चिंचेचा डाग, वाघदरा, म्हातारीची पट्टी. वाघ कुणी पाहिला नव्हता, म्हातारी कोण यावर दोन चुलत्यांचं भांडण झालं. (आंबील जरा जास्तच आंबली होती.)

ओढ्याच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. आजी त्याला आमचा तलाव म्हणते. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली एक मावशी वाटेत भेटली, ती म्हणाली, "सुकडीचा तलाव." मी थांबले.

"सुकडीचा का?"

"कामावर लेकरांना सुकडी वाटायचे. मी आठ वर्षांची. आई पाटी वाहायची, मी वाडगं घिऊन बांधावर बसायचे. तुमच्या घरची लेकरं यायची नाहीत तिकडं. गावातली रांग अलग."

एकच बांध, एकच साल. आजीच्या सांगण्यात ही दुसरी रांग कधी आली नव्हती. खोटं ती बोलली नव्हती, पण मीही "कुणी कुणी" विचारून लगेच पुढं गेले होते.

संध्याकाळी आजीला सांगितलं. पदरानं तोंड पुसत ती बराच वेळ चुलीकडं बघत राहिली.

"अलग हुती खरी," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "उद्या परत जाणार हैस का तिच्याकडं? मिलोच्या भाकरीचं इचार तिला. लाल ज्वारी, अमेरिकेची. रबरावानी ताणायची, वास यायचा म्हणतेत समदे. मला तर आता गोडच आठवायलीय. ती खरं सांगल."