पाकिटातल्या सहा गोळ्या

पाच दिवसांचा गणपती पोचवून काका ओल्या धोतरानंच कॅज्युअल्टीत आले. डिचोली तालुक्यातले, वय 62, दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला. अंगाला दरदरून घाम, नाडी 132, बीपी 190/110. "छातीवर कुणी पाट ठेवलाय असं वाटतं," म्हणाले.

स्टेथोस्कोप लावला. फुफ्फुसं स्वच्छ, कुठे शिट्टी नाही.

काकींनी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. मेटोप्रोलॉल 50, हृदयाचे ठोके आवरणारी गोळी, दिवसातून दोनदा. चवथीच्या दोन दिवस आधी फोडलेलं; चार घरं रिकामी, सहा गोळ्या तशाच. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना त्यांना धाप लागली होती, छाती वाजत होती. ओळखीतलं कुणीतरी म्हणालं, ही गोळी दम्याला वाईट. चवथीपासून बंद.

"आणि शिट्टी गेली, डॉक्टर!" काका त्या अवस्थेतही समाधानानं सांगत होते. माझ्या पोटात गोळा आला तो हे ऐकून.

सल्ला अगदीच खोटा नव्हता. मेटोप्रोलॉल मुख्यतः हृदयातले बीटा-1 रिसेप्टर, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचा निरोप घेणारे पेशींवरचे दरवाजे, अडवतं, पण दमेकऱ्याच्या श्वासनलिकांतल्या बीटा-2लाही त्याची झळ लागू शकते. घात केला तो एकदम थांबवण्यानं. गोळी रोज वाट अडवते तेव्हा हृदयाच्या पेशी हळूहळू जास्त रिसेप्टर उभे करतात. औषध एक-दोन दिवसांत उतरतं, वाढलेले रिसेप्टर मात्र आणखी काही दिवस तसेच राहतात. त्यात विसर्जनाची दगदग, मूर्तीचं ओझं, म्हणजे अ‍ॅड्रेनलिन वाढलेलं. अ‍ॅड्रेनलिननं श्वासनलिका सैल होतात, म्हणून श्वास मोकळा. तेच अ‍ॅड्रेनलिन हृदयाला चाबूक मारतं, आणि अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या तेवढं रक्त पुरवू शकत नाहीत. ईसीजीत एसटी हा रेषेचा भाग खाली गेलेलाच होता, हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण.

अ‍ॅस्पिरिन दिली, जिभेखाली नायट्रेट दिलं. मेटोप्रोलॉल 25 तोंडाने सुरू केलं आणि 108ची अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत पुन्हा पुन्हा छाती ऐकत बसले, शिट्टी परत येते का म्हणून. नाडी 110वर आली, तेव्हा त्यांना बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात पाठवलं.

रात्री त्यांचे जुने कागद काढले. दोन वर्षं प्रत्येक वेळी माझ्याच अक्षरात "चालू ठेवा." एकदम बंद केली तर काय होईल, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पंधरवड्यानं दोघं आली. आता कमी डोस, जोडीला दम्याचा पंप. काकींनी तेच पाकीट टेबलावर ठेवलं.

"ह्या सहा फुकट नाही ना गेल्या?"

मी एक्सपायरी पाहिली, गोळी अर्धी कशी करायची ते दाखवलं, आणि या वेळी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: मला विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.