डाळिंबाची मर, ठिबकचा अर्ज आणि दोन शेतकी ऑफिसं : केगाव-मोहोळची चक्कर

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. सोलापूर जिल्ह्यात त्यांची भगव्या डाळिंबाची बाग आहे. यंदा झाडं एकेक करून माना टाकायला लागली. आज एका फांदीची पानं पिवळी, आठवड्यात अख्खं झाड वाळलेलं. औषधाच्या दुकानातून आणलेल्या बाटल्या बुडात ओतून झाल्या, बिल वाढलं, मर थांबली नाही. त्यातच जुनं ठिबक बदलायचं होतं आणि अनुदानासाठी जायचं कुठं यावर पारावर रोज नवा सल्ला मिळत होता. शेवटी मी पुण्याहून रजा टाकून गेलो, नानांना गाडीत घातलं आणि तालुक्याचं कृषी कार्यालय, केगावचं डाळिंब संशोधन केंद्र, मोहोळचं कृषी विज्ञान केंद्र असा फेरा मारला. आमच्या मागून जाणाऱ्यांचे हेलपाटे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

गावात 'शेतकी ऑफिस' म्हणतात त्या प्रत्यक्षात दोन वेगळ्या कचेऱ्या असतात, आणि निम्मे हेलपाटे याच घोळामुळे होतात. पहिली तालुका कृषी अधिकाऱ्यांची. ती राज्याच्या कृषी विभागाची. तिच्यावर उपविभागीय कृषी अधिकारी, त्यांच्यावर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी आणि सगळ्यात वर पुण्याचं आयुक्तालय. ठिबक, तुषार, अवजारं, फळबाग लागवड, शेततळं ही कामं इथली. दुसरी पंचायत समितीतली कृषी शाखा. ती जिल्हा परिषदेची, आणि जिल्ह्याला तिचे साहेब म्हणजे कृषी विकास अधिकारी. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि आदिवासी शेतकऱ्यांसाठीची बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना, म्हणजे नवीन विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती वगैरे, या दारातून चालतात. अर्ज दोन्हीकडचे महाडीबीटी या राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवरच भरायचे असल्यामुळे माणूस जास्तच गोंधळतो. पोर्टल एक असलं तरी तुमचा कागद कुणाच्या टेबलावर जाणार ते योजनेवर ठरतं. आम्ही तालुक्याला पोचलो तेव्हा पंचायत समितीच्या व्हरांड्यात ठिबकची फाईल घेऊन बसलेले दोघे भेटलेच. त्यांना सोबत घेऊनच तालुका कृषी कार्यालयात गेलो.

वेळेचं सांगायचं तर शनिवार-रविवार राज्य शासनाची कार्यालयं बंद. 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे आणि वेळ सकाळी 9:45 ते संध्याकाळी 6:15. पण कृषी खात्यातला माणूस खुर्चीत सापडेलच असं नाही, कारण त्याचं निम्मं काम बांधावर. अवकाळी किंवा अतिवृष्टी झाली की सगळे पंचनाम्याला. पेरणीच्या तोंडावर बियाणं-खताच्या तपासणीला. मार्चमध्ये तर निधी खर्ची टाकायची घाई, त्या दिवसांत सल्ला मागायला गेलात तर तुमच्याकडे मान वर करून बघायलाही कुणाला सवड नसते. आम्ही जानेवारीच्या शेवटी गेलो, ते बरं पडलं. सकाळी उघडल्या उघडल्या गाठा, आणि त्याआधी गावच्या कृषी सहायकाला फोन करा. (2025 पासून त्यांचं पद 'सहाय्यक कृषी अधिकारी' झालंय, गावात मात्र अजून 'कृषी सहायक भाऊसाहेब'च चालतं.) एकेकाकडे बरीच गावं असतात, त्यामुळे 'आमच्याकडे फिरकतच नाहीत' या तक्रारीत तथ्य आहे. पण ते कुठल्या वारी ग्रामपंचायतीत बसतात हे विचारायची तसदीही फार थोडे घेतात. नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर असतो, नसला तर तालुक्याला मिळतो.

ठिबकचं थोडक्यात सांगतो. पोर्टलवर शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, लागतो. 2025 पासून त्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही. तो काढला नसेल तर आधी सीएससी केंद्रात, म्हणजे ऑनलाइन सरकारी कामं करून देणाऱ्या सेवा केंद्रात, जाऊन ते उरका. अल्प-अत्यल्प भूधारकाला केंद्राच्या योजनेतून 55 टक्के आणि राज्याच्या पूरक योजनेतून 25 टक्के मिळून 80 टक्के अनुदान, बाकीच्यांना 45 अधिक 30 मिळून 75 टक्के. हे टक्के शासनाने ठरवलेल्या मापदंडावर मोजतात, दुकानदाराच्या बिलावर मोजत नाहीत, म्हणून हातात येणारी रक्कम नेहमी अंदाजापेक्षा कमी वाटते. त्याच क्षेत्रावर पुन्हा अनुदान घ्यायचं तर आधीच्या संचाला सात वर्षं झालेली हवीत. नानांची झाली होती. नळ्या मात्र पूर्वसंमतीचं पत्र आल्याशिवाय विकत घेऊ नका. 'आत्ता टाकून घ्या, संमती मागून येईल' असं म्हणणारा विक्रेता भेटतोच, आणि ज्यांनी ऐकलं ते अनुदानाला मुकले. सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद आहे का तेही बघून ठेवा. सामाईक खातं असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र लागतं. नानांच्या सातबाऱ्यावर आत्याचं नाव निघालं, ती इचलकरंजीला. मग तिची सही आणायला वेगळा माणूस धाडावा लागला.

तालुक्यात कुठलाही अर्ज हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक मागा. नाना म्हणत होते, 'साहेब आपल्या ओळखीचे हायेत, पोच कशाला?' ओळखीच्या साहेबांची बदली होते. मी पोच घेतली.

आता केगाव. तिथे जाऊन डोळे उघडले म्हणून जरा सविस्तर. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूर-पुणे महामार्गावर केगावला आहे. 2005 साली सुरू झालं. मोहोळकडून येताना सोलापूर शहरात शिरायच्या आधीच लागतं, त्यामुळे शहराच्या गर्दीत घुसायची गरज नाही. डाळिंबावर एवढं काम करणारी संस्था जिल्ह्यात असून नाना तिथे कधी गेले नव्हते. 'आपल्याला कोण आत घेतंय' हा एक समज. गेटवर वहीत नाव लिहिलं, काम सांगितलं, आणि थोडं थांबल्यावर रोगशास्त्र बघणाऱ्या मॅडमनी बोलावलं. आदल्या दिवशी दूरध्वनी करून ठेवला होता, त्याचाही उपयोग झाला.

दूरध्वनीवर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला होता, 'झाड आणताय ना?' नानांचा बेत वाळलेली काटकी नेण्याचा होता. तिचा उपयोग नसतो. पूर्ण मेलेल्या झाडावर नंतर नाही नाही त्या बुरशा चढतात आणि मूळ कारण झाकलं जातं. अर्धं पिवळं, अर्धं हिरवं असं झाड निवडायचं, ते मुळासकट उपटायचं, बुंध्याचा हातभर तुकडा, बारीक पांढरी मुळं आणि मुळांभोवतीची किलोभर ओलसर माती घ्यायची. मुळं धुवायची नाहीत. सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, सावलीत ठेवून, शक्यतो त्याच दिवशी पोचवायचं. पिशवीचं तोंड घट्ट बांधा, वाटेत पाहुण्यांच्या बागेत थांबून ती उघडून दाखवत बसू नका. हीच माती दुसऱ्याच्या बागेत मर घेऊन जाते.

मॅडमनी बुंध्याचा तुकडा आडवा कापला. बाहेरून साल चांगली, आतलं लाकूड मात्र करड्या-तपकिरी डागांनी भरलेलं, मधून कडेकडे पसरत गेलेलं. ही सेराटोसिस्टिस बुरशीची खूण. मग सालीवरची टाचणीच्या टोकाएवढी भोकं दाखवली, ती खोडाला छिद्रं पाडणाऱ्या भुंगेऱ्याची. शेवटी मुळं पाण्यात हलवून हातावर पसरली तर त्यांवर मोहरीएवढ्या गाठी, म्हणजे सूत्रकृमीचं काम (मुळांत शिरणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी). नाना त्या गाठींना 'नत्राच्या' समजत होते, भुईमुगाला असतात तशा. तिन्ही गोष्टी एकाच झाडात, आणि आम्ही ओतलेल्या बाटल्यांमधल्या एकातही सूत्रकृमीसाठी काही नव्हतं. 'मर' ही एकच तक्रार घेऊन दुकानात गेलं की असंच होतं. दुकानदार झाड बघत नाही, नावावरून औषध काढतो.

औषधांची नावं आणि मात्रा इथे मुद्दाम देत नाही, तुमच्या बागेतलं कारण वेगळं असू शकतं. बाकी सांगितलं ते असं : मेलेली झाडं उपटून तिथेच जाळायची, बांधावर रचायची नाहीत (आमच्याकडे सरपण म्हणून घरापर्यंत रचली होती). छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करायची. रोगट झाडाच्या बुडातून वाहिलेलं पाणी निरोगी झाडाकडे जाता कामा नये. आणि पुढची लागवड साडेचार बाय तीन मीटरपेक्षा दाट करायची नाही. यावर नानांचा चेहरा पडला, कारण दाट लागवड ही त्यांचीच हौस.

मातीचंही एक तिथेच कळलं. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा तपासण्या असतात : सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. आमच्याकडच्या मुरमाड, चुनखडीच्या जमिनीत जी गोष्ट आधी बघायला हवी ती, म्हणजे मुक्त चुना, त्या बारांत नाही. पानं पिवळी पडण्यामागे पुष्कळदा तोच असतो, कारण लोह जमिनीत असूनही झाडाला लागू होत नाही. म्हणून प्रयोगशाळेत नमुना देताना मुक्त चुन्याची तपासणी वेगळी मागून घ्या, सोबत पाण्याचीही. फळबागेचा नमुना वरवरचा चालत नाही. ठिबकच्या ओल्या पट्ट्याजवळ खड्डा घेऊन 0 ते 30 आणि 30 ते 60 सेंटिमीटर असे दोन थर वेगळे भरायचे, अर्धा-अर्धा किलो. खत टाकून थोडे दिवस झाले असतील तर थांबा. पाण्यासाठी मोटर थोडा वेळ चालू ठेवून, बाटली त्याच पाण्याने खंगाळून लिटरभर घ्यायचं. पिशवीवर गट नंबर, नाव, पीक आणि मोबाईल पेनाने लिहू नका, पुसतो. पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी छोट्या पिशवीत घालून आत टाका.

परतीच्या वाटेवर मोहोळचं कृषी विज्ञान केंद्र. हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. कृषी विज्ञान केंद्राकडे अनुदान मागायला जाऊ नका, ते त्यांचं कामच नाही. बियाणं, प्रात्यक्षिक, प्रशिक्षण, विषय विशेषज्ञांचा सल्ला यासाठी जायचं. तिथे गेलो तेव्हा नेमका प्रशिक्षणाचा कार्यक्रम चालू होता, त्यामुळे पाऊण तास झाडाखाली बसलो, आणि जेवणाच्या सुट्टीत विशेषज्ञ साहेबांनी उभ्या-उभ्या दहा मिनिटं दिली. तेवढ्यात त्यांनी सूत्रकृमीसाठी झेंडूचं आंतरपीक सुचवलं. नानांना ते पटलं, कारण झेंडूला दसऱ्याचं गिऱ्हाईक असतं. प्रशिक्षणांच्या तारखा विचारून घेतल्या आणि त्यांच्या व्हॉट्सॲप गटात नानांचा नंबर घातला.

ज्यांना लगेच निघणं जमणार नाही त्यांनी किसान कॉल सेंटरला लावून बघा : 1800-180-1551, सकाळी 6 ते रात्री 10, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. मी वाटेत मुद्दाम लावून पाहिला. 'डाळिंब वाळतंय' म्हटलं तर उत्तर पुस्तकातलं आलं. लाकडातले डाग आणि मुळावरच्या गाठी सांगितल्यावर उत्तर नेमकं मिळालं. फोन करण्याआधी बागेत जा, झाडाचं वय, लक्षण कुठून सुरू झालं, पाणी किती देता, शेवटची फवारणी कशाची हे कागदावर लिहून घ्या. जनावराचं काही असेल तर हा नंबर नको, पशुसंवर्धनाचा 1962 वेगळा.

खर्च डिझेल आणि वडापाव एवढाच, कुणी चहा-पाण्याचं मागितलं नाही. वयस्कर माणूस सोबत असेल तर केगाव आणि मोहोळ एका दिवसात, तालुक्याचं काम दुसऱ्या दिवशी. एसटीने जाणाऱ्यांनी कंडक्टरला केगावचा थांबा आधीच सांगून ठेवावा आणि झाडाची पिशवी टपावर न टाकता पायाशी घ्यावी. ठिबकची पूर्वसंमती अजून यायची आहे. पोर्टलवर 'छाननी अंतर्गत' दिसतं आणि आत्याची सही असलेला कागद गेल्या सोमवारी चढवलाय.