ओशन ग्रोव्ह : तंबूंतून उभं राहिलेलं गाव

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर गर्दीची गावं पुष्कळ आहेत. आईला मात्र बसायला बाकं, चालायला सपाट वाट आणि जरा शांतता हवी होती. म्हणून जुलैतल्या एका शनिवारी आम्ही ओशन ग्रोव्हला गेलो आणि एक रात्र राहिलो. ग्रेट ऑडिटोरियम या गावातल्या मोठ्या लाकडी प्रार्थनागृहाच्या कडेच्या गल्लीत शिरलो तशी आई थांबली आणि म्हणाली, "अगं, हा तर पालखीतळ!"

समोर तंबूंची रांग होती. कापडी छत, पुढे छोटा लाकडी ओटा, ओट्यावर झुलती खुर्ची आणि फुलांच्या कुंड्या. दोन तंबूंमध्ये जेमतेम एक माणूस जाईल इतकीच जागा. असे ११४ तंबू इथे आजही दर उन्हाळ्यात उभे राहतात, आणि त्यांत माणसं चार महिने संसार थाटतात. प्रत्येक तंबूच्या मागे एक पक्की लाकडी खोली असते, त्यात स्वयंपाकघर आणि न्हाणी. सप्टेंबरच्या मध्यानंतर कापड उतरवून त्याच खोलीत ठेवलं जातं. तंबू मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षं प्रतीक्षायादीत असतात.

आईच्या तोंडून निघालेला शब्द अगदी नेमका होता. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं आणि मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथात शुद्ध आचरणाच्या चळवळीने जोर धरला. रानात किंवा माळावर तंबू ठोकायचे, काही दिवस तिथेच राहायचं, प्रवचनं ऐकायची, भजनं म्हणायची, अशा मेळाव्यांना कॅम्प मीटिंग म्हणत. विल्यम ऑसबॉर्न हे धर्मोपदेशक किनाऱ्यावर योग्य जागा शोधत होते. इथे डास नाहीत म्हणून ही जागा पसंत पडली, असं सांगतात. १८६९ च्या उन्हाळ्यात काही मेथडिस्ट कुटुंबं इथे तंबू टाकून राहिली. ३१ जुलैच्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात एका तंबूत बावीसेक माणसं प्रार्थनेला जमली. गावाचा जन्म तो.

ही कुटुंबं आली होती मुळात समुद्राकाठी विसावा घ्यायला. धर्माचं गाव होतं, पुढे सुट्टीवाल्यांनी ते बदलून टाकलं, अशी समजूत मीही घेऊन गेले होते. ती चुकीची आहे. शरीराला विश्रांती आणि मनाला उपासना, दोन्ही एकाच वाऱ्यात मिळावं हाच इथला मूळ विचार, आणि तो देवळापेक्षा रस्त्यांत जास्त दिसतो. ऑडिटोरियमपासून समुद्राकडे ओशन पाथवे नावाचा हिरवळीचा रुंद पट्टा जातो. समुद्राजवळच्या गल्ल्यांमध्ये घरं टप्प्याटप्प्याने मागे सरकवली आहेत, त्यामुळे रस्ता पाण्याकडे पसरत जातो आणि मागच्या घरांनाही वारा आणि लाटा मिळतात. कुठल्याही ओट्यावर बसलात की हे कळतं. ज्यांनी हे आखलं त्यांना शेजाऱ्याचा वाराही महत्त्वाचा वाटत होता, याचं मला फार अप्रूप वाटलं.

मार्च १८७० मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ओशन ग्रोव्ह कॅम्प मीटिंग असोसिएशन या मेथडिस्ट संस्थेला गाव चालवण्याची सनद दिली. पहिले अध्यक्ष एलवुड स्टोक्स. त्यांचा पुतळा ओशन पाथवेवरच आहे. घर तुमचं, पण खालची जमीन असोसिएशनची, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, ही पद्धत अजून चालू आहे. दारूविक्री सुरुवातीपासून बंद, ती आजही. शनिवारी मध्यरात्री गावाच्या वेशीवर साखळ्या लागत आणि रविवारभर रस्त्यावर गाडी हलत नसे, आधी घोड्यांची, मग मोटारींची. १९७९ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक संस्थेला शासनाचे अधिकार वापरता येणार नाहीत असा निकाल दिला, आणि तो काळ संपला. गावाचा कारभार आता नेपच्यून टाउनशिपकडे आहे. निकाल मला रास्तच वाटतो. तरी आठवड्यातून एक दिवस चाकांविना जगणारं गाव कसं ऐकू येत असेल, हा विचार डोक्यातून जात नाही.

ग्रेट ऑडिटोरियम १८९४ मध्ये अवघ्या ९२ दिवसांत उभं राहिलं. सगळं लाकूड, वर लोखंडी कैच्या आणि बाजूंना रुंद दारं. आज सहा हजारांवर माणसं बसतात. १९०८ चा भला मोठा पाइप ऑर्गन सुरू झाला तेव्हा आवाज कानांआधी बाकाच्या फळीतून अंगात शिरला. आईने डोळे मिटून घेतले आणि शेवटपर्यंत उघडले नाहीत.

जाणार असाल तर जून ते ऑगस्टमध्येच जा. तंबू आणि ऑडिटोरियममधले कार्यक्रम दोन्ही तेव्हा पाहायला मिळतात. ऑर्गनच्या मैफलींचं वेळापत्रक आधी बघा आणि मुक्काम त्याभोवती बेता. न्यूयॉर्कहून एनजे ट्रान्झिटच्या नॉर्थ जर्सी कोस्ट लाइन या रेल्वेने ॲसबरी पार्क स्टेशनवर उतरायचं, तिथून चालत येता येतं. बहुतेक वेळा लाँग ब्रँचला गाडी बदलावी लागते. आम्ही मोटार नेली आणि जागा शोधण्यात पाऊण तास घालवला. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी हे नक्की होणार, म्हणून म्हाताऱ्या माणसांना आधी ऑडिटोरियमपाशी उतरवा. जुन्या लाकडी घरांतल्या खोल्या सुंदर असतात, पण जिने अरुंद आणि उभे. गुडघे दुखत असतील तर तळमजल्याची खोली आवर्जून मागा. वाळूवर उतरायला उन्हाळ्यात बिल्ला विकत घ्यावा लागतो, किनाऱ्यालगतच्या फळ्यांच्या वाटेवर, म्हणजे बोर्डवॉकवर, चालायला मात्र नाही. रविवारी सकाळच्या उपासनेला कोणीही बसू शकतं. आम्हाला कोणी काही विचारलं नाही.

तंबूंच्या गल्लीत हळू बोला, फोटो काढायचा तर विचारून काढा. ती लोकांची घरं आहेत, कनातीपलीकडे कोणी दुपारची डुलकी काढत असतं. एका आजीबाईंनी आईला ओट्यावर बोलावून खुर्ची दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. अर्ध्या तासाने मी परत आले तेव्हा दोघी कुंडीतल्या मातीत बोटं घालून काहीतरी पाहत होत्या.