नवाहो प्रदेशात विशेष शिक्षिका: निघण्याआधी पैशांचे नीट विचारून घ्या

मुलाखतीत मला सांगण्यात आले होते की शाळा अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातील फिनिक्स शहराच्या उत्तरेला आहे, वर्गात आठ मुले असतील आणि राहण्याची सोय शाळाच करील. यातले एकही विधान खोटे नव्हते. शाळा उत्तरेलाच होती, पण फिनिक्सपासून गाडीने पाच तासांहून अधिक अंतरावर, नवाहो या मूलनिवासी लोकांच्या स्वशासित प्रदेशाच्या, म्हणजे नवाहो नेशनच्या, मध्यभागी. वर्गात मुले आठच होती, पण इतर वर्गांत बसणाऱ्या आणखी बऱ्याच मुलांच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यांची, म्हणजे आयईपींची, जबाबदारीही माझ्याच नावावर लिहिलेली होती. राहण्यासाठी शाळेच्या आवारातले ‘टीचरेज’, म्हणजे शिक्षकांसाठीचे घर, मिळाले आणि त्याचे भाडे पहिल्याच पगारातून कापले गेले. भारतातून, विशेषतः भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आणि काही वर्षांचा अनुभव असलेल्या विशेष शिक्षकांतून, अमेरिकेत जे-१ या विनिमय कार्यक्रमाच्या व्हिसावर जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्यातले बरेच जण अशाच दुर्गम जिल्ह्यांत पोहोचतात. म्हणून हे लिहीत आहे. तुम्हाला शिकवता येते, आयईपी म्हणजे काय हे ठाऊक आहे आणि गाडी चालवता येते, असे गृहीत धरले आहे. गाडी चालवता येत नसेल तर हा प्रदेश निवडू नका.

सर्वांत आधी पैसे, कारण माझा सर्वांत मोठा राग त्याच गोष्टीवर आहे. मी ज्या सल्लागार संस्थेमार्फत गेले तिने ‘प्लेसमेंट’, ‘कागदपत्र मूल्यांकन’, ‘ओरिएंटेशन’ आणि ‘प्रशासकीय खर्च’ अशा निरनिराळ्या नावांखाली जी रक्कम घेतली, ती माझ्या हाती येणाऱ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी होती. आता सरकारी शुल्क किती असते ते पाहा. जे-१ व्हिसाच्या अर्जाचे शुल्क १८५ डॉलर होते आणि सेव्हिस या परदेशी विद्यार्थी व विनिमय पाहुण्यांच्या सरकारी नोंदणीचे २२० डॉलर. दोन्ही मिळून ४०५ डॉलर झाले. विमान भाडे, पदवीचे मूल्यांकन, आरोग्य विमा आणि अधिकृत प्रायोजक संस्थेचे, म्हणजे जे-१ कार्यक्रम चालवायला अमेरिकी सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेचे, कार्यक्रम शुल्क हे खर्च खरे आहेत आणि त्यांच्या पावत्या मिळतात. बाकीच्या रकमेची पावती मागितली की संभाषण एकदम ‘तुमच्या भवितव्या’कडे वळते. ते वळले की समजावे, तिथे दलाली दडलेली आहे.

हा प्रकार नवा नाही. लुइझियानातील सरकारी शाळांत शिकवण्यासाठी नेलेल्या सुमारे ३५० फिलिपिनो शिक्षकांकडून भरती करणाऱ्यांनी भरमसाट शुल्क उकळले होते आणि त्या खटल्यात २०१२ साली फेडरल न्यायालयातील ज्युरीने त्या शिक्षकांना ४५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. व्हिसाच्या मुलाखतीच्या वेळी वकिलातीतून कामगारांच्या हक्कांविषयी एक पत्रक दिले जाते. ते पिशवीत कोंबू नका. त्यावरचा मदतवाहिनीचा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा. सल्लागाराला पहिला हप्ता देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: व्हिसाचा प्रायोजक नेमका कोण, तुमच्या करारावर सही करणारा शाळा जिल्हा, म्हणजे तिथल्या शाळा चालवणारी स्थानिक संस्था, कोणता, आणि प्रत्येक डॉलर कशासाठी. यातली एकही गोष्ट लेखी मिळाली नाही तर उठून या. कर्ज काढून हे शुल्क भरू नका, कारण तिथे पोहोचल्यावर काही महिन्यांतच तुम्हाला आणखी एक कर्ज घ्यावे लागणार आहे, ते गाडीचे.

त्या प्रदेशात गाडी ही चैन नाही. नवाहो नेशन अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे सत्तर हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या भागाहून अधिक आहे. एवढ्या प्रदेशात पूर्ण किराणा मिळेल अशी दुकाने हातावर मोजण्याइतकी आहेत. अमेरिकेत तुमचा पतइतिहास कोरा असल्यामुळे गाडीविक्रेता तुमच्याकडे पाहून व्याजाचा जो दर सांगतो, तो ऐकून आपल्याकडचा सावकार लाजेल. नव्या शिक्षकांना ‘ओळखीच्या’ विक्रेत्याकडे नेणारा एखादा सहकारी प्रत्येक ठिकाणी असतोच. त्याच्याबरोबर जाऊ नका. शाळेतील कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या पतसंस्थेत आधी चौकशी करा, पहिले दोन-तीन महिने कोणाबरोबर तरी पेट्रोलचे पैसे वाटून ये-जा करा आणि मग गाडी घ्या.

पैशांबाबत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला कोणीही सांगितली नव्हती. जे-१ वर पहिल्यांदाच आलेला शिक्षक साधारणपणे पहिली दोन कॅलेंडर वर्षे करासाठी अनिवासी मानला जातो आणि त्या काळात त्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) व मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्य विमा) यांची मिळून ७.६५ टक्के कपात व्हायला नको. जुलैमध्ये आलात तर ते अर्धे वर्षही पूर्ण वर्ष म्हणून मोजले जाते, म्हणजे ही सूट पुढच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला संपते. दुर्गम जिल्ह्यांतील पगार विभागाला हे ठाऊक असेलच असे नाही. आमच्याकडे नव्हते. पहिली पगारचिठ्ठी ओळ न् ओळ वाचा, कपात दिसली तर त्याच आठवड्यात लेखी पत्र द्या आणि आधी शाळेकडूनच परतावा मागा. शाळेने नाही म्हटले तर ८४३ व ८३१६ क्रमांकाचे अर्ज भरून तो कर खात्याकडे मागता येतो, पण त्याला इतका वेळ लागतो की तोवर तुम्ही त्या पैशांची आशा सोडलेली असते.

आता काम. अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाचा हक्क १९७५ च्या कायद्याने मान्य झाला आणि १९९० पासून तो कायदा आयडिया या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. आपल्याकडच्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, तिथे पात्रतेच्या १३ श्रेणी आहेत, पण खरा फरक यादीत नाही. तिथे आयईपी हा न्यायालयात उभा राहू शकणारा दस्तऐवज आहे. पालकांची संमती मिळाल्यापासून साठ दिवसांत पहिले मूल्यमापन, दर वर्षी किमान एकदा आराखड्याचा आढावा, दर तीन वर्षांनी पुनर्मूल्यमापन, आणि प्रत्येक बदलाआधी पालकांना लेखी सूचना. तारीख चुकली तर जाब केस मॅनेजरला, म्हणजे तुम्हाला, विचारला जातो. तुमच्या आधीची व्यक्ती वर्षाच्या मध्येच निघून गेलेली असेल, आणि बहुतेक ठिकाणी ती गेलेलीच असते, तर ऑगस्टमध्ये तुमच्या टेबलावर मुदत उलटलेल्या फायलींचा ढीग असेल. त्यांपैकी कोणत्या फायली आधीपासूनच मुदतबाह्य होत्या याची यादी करून ती पहिल्याच आठवड्यात विशेष शिक्षण संचालकांना ईमेलने पाठवा. हा उद्धटपणा नाही. हाच तुमचा विमा आहे.

त्या फायलींमध्ये काय लिहिलेले असते ते मात्र डोळे उघडे ठेवून वाचा. मला वारशाने मिळालेल्या एका आराखड्यात स्वमग्न मुलासाठी उद्दिष्ट होते, ‘मोठ्या व्यक्तीशी बोलताना पाच सेकंद नजर मिळवील’. नवाहो घरात वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत रोखून न पाहणे हा अदबीचा भाग आहे. म्हणजे घरात जे शिकवले जाते त्याच्या नेमके उलट शाळा सरकारी कागदावर शिकवत होती, आणि तेही अशा मुलाला, ज्याला नजरेचा ताण आधीच सहन होत नव्हता. पुढच्या बैठकीत ते उद्दिष्ट काढून टाकले आणि त्याऐवजी समोरच्याच्या दिशेने शरीर वळवणे व हाताने किंवा चित्राने उत्तर देणे असे लिहिले. मुलाच्या आजीने त्या दिवशी पहिल्यांदा बैठकीत प्रश्न विचारला.

आजीचे सांगते, कारण या बाबतीत बाहेरून येणारे हमखास घाईत असतात. पुष्कळ मुले आजी-आजोबांकडे वाढतात आणि कायद्याच्या व्याख्येनुसार मूल ज्यांच्याकडे राहते ते आजी-आजोबा पालक म्हणून सही करू शकतात. त्यांना समजणाऱ्या भाषेत बैठक व्हावी यासाठी दुभाष्या देणे ही शाळेची जबाबदारी आहे, उपकार नव्हे. दुभाष्या म्हणून नातवंडाला बसवू नका. बैठकीत आपण थेट मुलाच्या त्रुटींपासून सुरुवात करतो, तसे तिथे करू नये. आधी हलका हात मिळवायचा, जोराने दाबायचा नाही. मग स्वतःची ओळख द्यायची. नवाहो माणूस ओळख सांगताना आईचे कूळ, वडिलांचे कूळ आणि दोन्ही आजोबांची कुळे सांगतो. मी माझे माहेर, आईचे गाव आणि कुलदैवत सांगत असे आणि दुभाषी बाई ते मन लावून पोहोचवत. त्यानंतर प्रश्न विचारला की थांबायचे. ही शांतता आपल्याला असह्य होते आणि आपण लगेच दुसरा प्रश्न टाकतो, पण समोरची व्यक्ती पहिल्याच प्रश्नाचा विचार करत असते. गप्प राहून केलेली सही म्हणजे संमती नव्हे, हे ओळखता आले नाही तर ते आराखडे नुसते कागद राहतात.

शाळेविषयीच्या या सावधपणाला इतिहास आहे. नवाहो लोक आणि अमेरिकी सरकार यांच्यातील १८६८ च्या तहात दर तीस मुलांमागे एक शिक्षक देण्याचे कबूल करताना मुलांना शाळेत येण्यास राजी करण्याची ‘किंवा भाग पाडण्याची’ भाषा होती. त्यानंतरच्या निवासी शाळांनी मुलांचे केस कापले आणि त्यांची भाषा तोडली. या शाळांबद्दल अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली ती थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये, अ‍ॅरिझोनातच. तेव्हा ‘मुलाला दूरच्या निवासी केंद्रात पाठवावे’ असा प्रस्ताव तुम्ही कितीही चांगल्या हेतूने मांडलात, तरी तो कोणत्या आठवणींवर जाऊन पडणार आहे हे आधी समजून घ्या.

चाचण्यांविषयी माझे मत कडक आहे: वेळ लावून घेतलेल्या चाचणीच्या एकट्या गुणांवर कोणत्याही नवाहो मुलाला बौद्धिक अक्षमतेच्या श्रेणीत बसवू देऊ नका. इंग्रजीची मर्यादा किंवा वाचन-गणिताच्या योग्य अध्यापनाचा अभाव हे मुख्य कारण असेल तर मुलाला अपंग ठरवता येत नाही, असे कायदाच म्हणतो. शिक्षक सतत बदलत राहिलेल्या शाळेत हा दुसरा मुद्दा बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. मानसशास्त्रज्ञ नाराज होतात, होऊ द्या.

वर्गात तुमच्याहून ज्येष्ठ व्यक्ती म्हणजे स्थानिक मदतनीस बाई. शिक्षक येतात नि जातात, त्या राहतात. मी पोहोचण्यापूर्वीच त्यांनी चित्रकार्डांच्या डब्यातून घुबड काढून ठेवले होते, कारण घुबड तिथे अशुभ वार्तेचे मानले जाते आणि काही कुटुंबे तसे कार्ड घरी आलेले सहन करत नाहीत. कायोटीच्या (कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या) पारंपरिक गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगायच्या, हेही त्यांनीच सांगितले. सूर्यग्रहणात तिथले लोक बाहेर पडत नाहीत, खात-पीत नाहीत आणि ग्रहण पाहत नाहीत. १४ ऑक्टोबर २०२३ च्या कंकणाकृती ग्रहणाच्या वेळी नवाहो नेशनने मॉन्युमेंट व्हॅलीसकट आपली उद्याने काही तास बंद ठेवली होती. हे सारे मराठी माणसाला मुळीच परके वाटू नये. मदतनीस बाईंना विचारल्याशिवाय भिंतीवर काहीही चिकटवू नका.

गृहपाठासारखी दिसणारी उद्दिष्टे लिहिताना घर कसे आहे ते आधी विचारा. तिथल्या जवळपास एक तृतीयांश घरांत नळाचे पाणी नाही. ते पिकअपमधून टाक्यांत भरून आणले जाते. अशा घरातील मुलासाठी ‘फ्लश करून वाहत्या नळाखाली वीस सेकंद हात धुणे’ असे स्वावलंबनाचे उद्दिष्ट लिहिणाऱ्या व्यक्तीने ते घर पाहिलेले नसते. तांब्याने पाणी घेऊन हात धुण्याच्या पायऱ्या मी लिहिल्या आणि त्या कामी आल्या. बोलण्यासाठी टॅब वापरणाऱ्या मुलांना तो शाळेतच पूर्ण चार्ज करून द्या, छापील चित्रफलक जोडीला द्या, आणि नवाहो शब्द मदतनीस बाईंच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून घ्या.

गृहभेटीला जाताना डांबरी रस्ता कुठे संपतो ते विचारून ठेवा. त्यापुढचा कच्चा रस्ता कोरडा असताना हाडे खिळखिळी करतो आणि बर्फ वितळल्यावर किंवा उन्हाळी पावसानंतर गाडी गिळतो. अशा दिवशी शाळेची बस आतपर्यंत जात नाही, मूल वर्गात येत नाही, आणि त्याचे बुडालेले थेरपीचे तास भरून काढण्याची नोंद तुम्हालाच ठेवावी लागते. नकाशाचे अ‍ॅप दाखवील त्या आडवाटेने जाऊ नका. रात्री गाडी टाळा, कारण घोडे आणि गुरे रस्त्यावर मोकळी असतात. घड्याळाचेही सांभाळा: अ‍ॅरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, नवाहो नेशन पाळते आणि त्याच्या पोटातले होपी लोकांचे क्षेत्र पाळत नाही. फोन टॉवरनुसार तास बदलतो, म्हणून वेळ हाताने लावून ठेवा. नवाहो नेशनमध्ये दारू बाळगणेही बेकायदा आहे, तेव्हा विमानतळावरची बाटली कोणासाठीही आणू नका.

निसर्ग, मटण स्ट्यू आणि शनिवारचा बाजार यांबद्दल इतरांनी भरपूर लिहिले आहे आणि ते खरे आहे. नवाहो नेशनमधल्या चिन्ली या गावाची उंची महाबळेश्वरपेक्षा हजारभर फूट जास्त आहे, तेव्हा थंडी कडक असते, पण थंडीचे कपडे इथून नेऊ नका. तिथेच वापरलेले चांगले कोट स्वस्तात मिळतात. जावे का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर आहे, जा, पण थेट शाळा जिल्ह्याशी बोलून आणि ज्ञात प्रायोजकामार्फत. करार करताना पगार बारा महिन्यांत विभागून मिळेल का ते विचारा, कारण नाहीतर जून-जुलैत खाते रिकामे राहते आणि गाडीचा हप्ता मात्र थांबत नाही.