ट्रेल सापडला, पत्ता अडला

न्यू जर्सीतल्या एडिसनहून आर्कान्सा राज्यातल्या बेंटनव्हिल या गावी आम्ही २०२४ च्या जुलैअखेर राहायला आलो. माउंटन बाइकिंगसाठी आलो असे सांगितले, की लोक आधी हसतात आणि मग हळूच ‘खरे कारण’ विचारतात. खरे कारण तेच आहे. गाव ठरवायला आम्हाला तीन सुट्ट्या पुरल्या आणि त्या गावात राहून काम करण्याची कागदोपत्री परवानगी मिळवायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांचा राग अजून पुरता गेलेला नाही, हे वाचणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावे.

आम्ही दोघेही पुण्याचे. कॉलेजात असताना रविवारी पहाटे सिंहगडाचा घाट सायकलने चढायचा आणि वर दही खाऊन उतरायचे, एवढाच आमचा पूर्वानुभव. एडिसनला आल्यावर सिक्स माइल रनच्या जंगलात माउंटन बाइकची गोडी लागली. मात्र तिथली माती पाऊस पडला की चिखल होऊन चाकाला धरते, आणि ओल्या ट्रेलवर सायकल घातली तर पडलेल्या चाकोऱ्या वाळून तशाच राहतात. त्यामुळे वसंत ऋतूतले कितीतरी आठवडे नुसते आभाळाकडे बघण्यात जात. वेस्ट मिलफर्डचे जंगल हॅबिटॅट, म्हणजे एका बंद पडलेल्या सफारी पार्कच्या जागेतले ट्रेल, आम्हाला फार आवडायचे, पण तिथे पोहोचायलाच तासाहून अधिक वेळ लागे. म्हणून गाव निवडताना आम्ही एकच कसोटी ठरवली : बुधवारी संध्याकाळी साडेपाचला लॅपटॉप मिटल्यावर घराच्या दारापासून मातीपर्यंत किती मिनिटे लागतात? शनिवारी कुठलेही गाव चांगलेच वाटते.

या कसोटीवर मोठी नावे भराभर गळाली. डेन्व्हरजवळच्या गोल्डन गावाभोवतीचे ट्रेल उत्तम आहेत, पण सेंटेनियल कोन पार्कमध्ये शनिवार-रविवारी सम तारखेला सायकलींनी जायचे आणि विषम तारखेला चालणाऱ्यांनी, असा नियम पाहून मला पुण्यातल्या पी-वन, पी-टू पार्किंगच्या पाट्या आठवल्या, आणि बुधवारी डेन्व्हर शहरातून तिथवर जाताना गर्दीतच उजेड संपला. शेजारच्या बोल्डरमध्ये माउंटन बाइकिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, इंबाचे, मुख्यालय आहे, पण त्याच शहराच्या ताब्यातल्या बहुतेक डोंगरवाटांवर सायकलला बंदी आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत तर या खेळाचा जन्म झाला, १९७६ साली फेअरफॅक्सजवळच्या उतारावर रिपॅक नावाची शर्यत सुरू झाली, आणि आज तिथल्या बहुतेक अरुंद वाटा सायकलींना बंद आहेत. घरांच्या किमती पाहून ते नाव आम्ही न जाताच खोडले. फीनिक्सचा साउथ माउंटन शहराच्या पोटातच आहे, पण उन्हाळ्यात तापमान ११० अंश फॅरनहाइटच्या वर जाते आणि पहाटे उठणे मला लग्नाआधीही जमत नव्हते.

मनापासून आवडले ते सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला असलेले ड्रेपर आणि तिथले कॉर्नर कॅन्यन. पण जानेवारीत गेलो तेव्हा खोऱ्यातली थंड हवा वरच्या उबदार हवेच्या झाकणाखाली अडकून पडली होती, धूर वर जायला जागा नव्हती आणि समोरचा डोंगर दोन दिवस दिसला नाही. नवऱ्याला दमा आहे, त्यामुळे निर्णय त्याच्या छातीने घेतला. यावरून आठवले : कोणतेही गाव त्याच्या सर्वांत वाईट महिन्यात पाहावे. बेंटनव्हिलला आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो. दमट उकाडा होता, आणि पायांवरून गोचिडी वेचून काढाव्या लागल्या, तरी दोघांनाही परत जावेसे वाटेना.

बेंटनव्हिलमध्ये स्लॉटर पेनचे पहिले ट्रेल २००७ साली सुरू झाले. गावाच्या मुख्य चौकातून सायकलवर बसले की काही मिनिटांत आपण मातीत असतो. वॉलमार्टच्या वॉल्टन कुटुंबाचा पैसा यामागे आहे, आणि तो दिसतो : वाटा आखीव आहेत, वळणांना बांध घातले आहेत, बेला व्हिस्टात ‘टनेल व्हिजन’ नावाचा ट्रेल मोटाररस्त्यांखालून बोगद्यांतून जातो, आणि कोलरच्या जंगलात एक कॉफीचे दुकान आहे जिथे पायी किंवा सायकलनेच जाता येते. जमीन खडकाळ असल्याने पाणी लवकर निचरते. उंचीचे मात्र कोणी कौतुक करू नये. इथला ‘माउंटन’ म्हणजे आपली पर्वती. लांब उतार हवा असणाऱ्याने युटा किंवा कोलोरॅडोच गाठावे. आम्हाला रोज थोडे हवे होते. शिवाय वॉलमार्टचे मुख्यालय इथेच असल्यामुळे भारतीय कुटुंबे बरीच आहेत, किराणा मिळतो, देऊळ आहे. इथपर्यंत सगळे सुखाचे झाले.

आता कागदांविषयी. माझा व्हिसा एच-१बी, म्हणजे कंपनीने काढून दिलेला नोकरीचा. नोकरी घरून करण्याची, म्हणून माझा भाबडा समज असा होता की लॅपटॉप उचलून कुठेही जाता येईल. तसे नसते. घरून काम करणाऱ्याचे घर हेच त्याचे कार्यस्थळ ठरते, आणि ते एका महानगर क्षेत्राबाहेर हलवायचे असेल तर मालकाने आधी नव्या जागेसाठी कामगार खात्याकडून एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींचा अर्ज, मंजूर करून घ्यायचा आणि मग इमिग्रेशन खात्याकडे सुधारित अर्ज दाखल करायचा, हे २०१५ च्या एका निकालापासून स्पष्ट झालेले आहे. त्याच क्षेत्रात घर बदलले तर फक्त नोटीस लावून भागते. नवरा एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या, परवान्यावर काम करतो, त्याला यातले काहीच लागत नाही, आणि त्याने ते मला त्या सात महिन्यांत पुरेशा वेळा ऐकवले.

जानेवारीत मी कंपनीच्या पोर्टलवरचा ‘कार्यस्थळ बदल’ हा फॉर्म उघडला. त्यात कारणाच्या रकान्यात तीनच पर्याय होते : व्यवसायाची गरज, जोडीदाराची बदली आणि वैद्यकीय कारण. मी प्रामाणिकपणे खालच्या मोकळ्या जागेत ‘वैयक्तिक’ लिहिले, तर फॉर्म पुढेच जाईना. शेवटी जोडीदाराची बदली निवडली. तो माझ्यामागून येणार होता, म्हणजे बदली कोणाची तरी होतीच. पुढच्या रकान्यात कार्यालयाचा सूट क्रमांक, म्हणजे इमारतीतल्या गाळ्याचा नंबर, अनिवार्य होता. घराला सूट क्रमांक नसतो, म्हणून मी शून्य भरले. तीन आठवड्यांनी ‘असा सूट अस्तित्वात नाही’ या शेऱ्यासह फॉर्म परत आला.

खरा पीळ त्यानंतर बसला. कंपनीने नेमलेल्या वकिलांच्या कार्यालयाचे म्हणणे असे की नव्या घराचा भाडेकरार हातात आल्याशिवाय एलसीए भरता येणार नाही, कारण त्यात कार्यस्थळाचा नेमका पत्ता लागतो. बेंटनव्हिलचे घरमालक म्हणत की तुमची नोकरी इथून चालणार असल्याचे कंपनीचे पत्र दाखवा, मग करार करू. आणि कंपनीचा मनुष्यबळ विभाग म्हणे की सुधारित अर्ज मंजूर झाल्याशिवाय असे पत्र देण्याची पद्धत नाही. या तिघांना एकाच ईमेलमध्ये घेऊन मी दोनदा विनंती केली. दोन्ही वेळा वकिलांकडून उत्तर आले की कंपनीचे कार्यालय असलेले शहर निवडल्यास काम सोपे होईल, उदाहरणार्थ डेन्व्हर. दर सोमवारी मी विचारणा करी, दर गुरुवारी ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे उत्तर येई, आणि मार्च, एप्रिल, मे असेच गेले.

सुटका झाली ती इतक्या साध्या गोष्टीने की अजून स्वतःचाच राग येतो. भाडेकरार माझ्या नावाने असण्याची गरजच नव्हती. नवऱ्याच्या कंपनीने ‘अमेरिकेत कोठूनही काम करण्यास हरकत नाही’ असे दोन ओळींचे पत्र एका दिवसात दिले, घर त्याच्या नावाने घेतले, आणि तोच पत्ता माझे कार्यस्थळ झाला. चार महिने हे तिघांपैकी कोणाला सुचले नाही, मलाही नाही. ज्यांच्या घरात दोघेही कमावते आहेत त्यांनी हे पहिल्याच दिवशी करावे.

तरीही एक अंक बाकी होता. एलसीए भरण्याआधी कार्यस्थळी दोन ठळक ठिकाणी त्याची नोटीस लावून ती दहा दिवस ठेवावी लागते, म्हणजे तिथल्या इतर कामगारांना कळावे. इलेक्ट्रॉनिक पद्धतही चालते, पण वकिलांना कागदच हवा होता. म्हणून जूनमधल्या एका शनिवारी मी विमानाने गेले, रिकाम्या घराच्या स्वयंपाकघरात एक आणि गॅरेजच्या दारावर एक असे दोन कागद चिकटवले, त्या इतर कामगारांची थोडा वेळ वाट पाहिली आणि भाड्याची सायकल घेऊन स्लॉटर पेनला गेले. दहा दिवसांनी शेजारीच राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी कागद उतरवून फोटो पाठवला. नोटिशीवर पगाराचा आकडा असतो, हे मी विसरले होते. एवढा पगार असून शंभर डॉलरसाठी घासाघीस का केलीत, असे त्यांनी फोटोखाली विचारले होते.

पुढचे सरळ झाले. कामगार खात्याला सात कामकाजाचे दिवस लागले. सुधारित अर्जाची पावती आली की नव्या जागी काम सुरू करायला कायद्याची हरकत नसते, पण आमच्या कंपनीला मंजुरी हातात हवी होती, म्हणून जास्तीचे शुल्क भरून जलद सेवा घ्यावी लागली. पगारात थोडी कपात केली गेली, ती कपात मी भांडून निम्म्यावर आणली. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांनी एक प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारून उत्तर लेखी घ्यावे : नव्या गावासाठी पर्मची, म्हणजे ग्रीन कार्डाआधी कामगार खात्याकडून घ्यायच्या प्रमाणपत्राची, प्रक्रिया पुन्हा करावी लागेल का, आणि तो खर्च कंपनी करणार का? आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर असेल तर रांगेतली जुनी तारीख सहसा जात नाही, पण पुन्हा सुरुवात करायला कंपनी राजी असेलच असे नाही. मी हे जूनमध्ये विचारले, आणि उत्तर येईपर्यंतच्या नऊ दिवसांत मला झोप लागली नाही.

सायकल बरोबर नेण्याऐवजी पहिल्या भेटीत तिथेच भाड्याने घ्यावी. दुकानातली माणसे टायरमध्ये हवा किती ठेवायची इथपासून कोणता ट्रेल टाळायचा इथपर्यंत सगळे सांगतात. घर घेताना नकाशावरचे अंतर पाहू नये, मधला मोठा रस्ता सायकलने ओलांडता येतो का ते पाहावे. आमच्या दारापासून मातीपर्यंत बारा मिनिटे लागतात. आणि राहायला गेल्यावर दहा दिवसांच्या आत एआर-११ हा पत्ता बदलल्याचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, तोही घरातल्या प्रत्येकाचा वेगळा. मी माझा पहिल्याच दिवशी भरला. नवऱ्याचा राहून गेला होता, तो नवव्या दिवशी रात्री अकराला आठवला, कारण तो बुधवार होता आणि आम्ही दोघेही उशिरा घरी आलो होतो.