पाव मिलिमीटरसाठी सव्वा महिना

सुरुवात घावनांपासून झाली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बहिणीकडची मंडळी आली होती. घरात जागा पुरेना म्हणून मुलांना अंगणातल्या मोटरहोममध्ये झोपवलं. सकाळी त्यांच्या हट्टापायी आमच्या हिने गाडीतल्याच शेगडीवर घावनं घातली, तर प्रत्येक घावन एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला नुसती जाळी. "गाडी कललीय हो," ही म्हणाली. मी म्हटलं, तवा वाकडा असेल. तवा सरळ होता.

आमची गाडी म्हणजे जुनी मिनीबस, आत बिछाने आणि ओटा केलेली. आधीच्या मालकाने खाली चार हायड्रॉलिक जॅक बसवून घेतले होते, अमेरिकन किटचे. बटण दाबलं की चारी पाय खाली येतात आणि गाडी समतल होते. त्यातला मागचा डावा पाय रात्रीतून दोन बोटं बसत होता. तेल मात्र कुठे दिसेना. कसं दिसणार? आत एटीएफ, म्हणजे लालभडक तेल, आणि आमचं अंगण जांभ्याचं. खताची पांढरी गोण खाली पसरली तेव्हा दुसऱ्या दिवशी ताटलीएवढा डाग मिळाला. गोण कोरडी राहिली असती आणि तरी पाय बसत असता, तर दोष पंपाजवळच्या व्हॉल्व्हमध्ये शोधावा लागला असता.

आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. चेसिसखाली लोखंडी घोड्या लावा, नसतील तर जाड लाकडी ठोकळे रचा.

दोन गॅरेजवाल्यांनी हात वर केले. शेवटी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरच्या विंचची, म्हणजे जाळं ओढायच्या यंत्राची, कामं करणारे एक चाचा भेटले. त्यांनी पाय पूर्ण बाहेर काढायला लावला, आतून सरकणारा क्रोमचा दांडा, म्हणजे रॉड, फडक्याने पुसला आणि म्हणाले, "गुरुजी, नख फिरवा." नख तीन ठिकाणी अडकलं. क्रोमला बारीक खड्डे पडले होते. मे महिनाभर गाडी पाय टेकवून खाडीकाठी उभी होती, खारा वारा उघड्या रॉडवर बसत होता, आणि मी समोर खुर्ची टाकून पेपर वाचत होतो. असा खरखरीत रॉड आत-बाहेर झाला की सील, म्हणजे रॉडभोवती तेल अडवणारी रबरी कडी, फाटणारच. बाकीचे तीन रॉड गुळगुळीत निघाले, पण सील चारही जॅकचे बदला म्हणाले.

रॉड आंबा घाटातून कोल्हापूरला गेला, घासून, नवं क्रोम चढवून, पुन्हा मापात ग्राइंड होऊन चार दिवसांत परत आला. त्याबद्दल काही तक्रार नाही.

तक्रार सीलची. रॉडवर व्हर्नियर लावला तर माप आलं ३१.७५. कोल्हापुरातल्या एका दुकानात काउंटरवरचा माणूस म्हणाला, "बत्तीसचं घ्या की, चालतंय." मी म्हटलं, पाव मिलिमीटर कमी आहे. "मग रॉडच बत्तीसचा करून आणा!" आणि रॉड ज्या ग्लँडमधून, म्हणजे जॅकच्या तोंडाच्या मापातल्या भोकातून, सरकतो त्याचं काय? पण मी हसलो आणि बत्तीसचे चार संच घेऊन आलो. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस मी. ३१.७५ म्हणजे बरोबर सव्वा इंच, माल इंची आहे, हे मला काउंटरवर कळायला हवं होतं. चाचांनी नाखुशीने ते सील बसवले. दीड-दोनशे बारच्या दाबाला पाव मिलिमीटरची फट म्हणजे उघडं दारच. दुसऱ्या दिवशी गोणीवर ताटलीऐवजी परात.

मुंबईतल्या भाच्याने नागदेवी स्ट्रीट पालथी घालून सव्वा इंची सील शोधले. त्याला मी जुन्या सीलचं माप दिलं नव्हतं, कारण जुना सील झिजलेला किंवा फुगलेला असतो. रॉडचं आणि सील बसतो त्या खाचेचं माप दिलं होतं. पठ्ठ्याने एका दिवसात काम केलं आणि पुडकं कुरिअरला टाकलं. तिथून पुढे अकरा दिवस गेले.

रोज सकाळी नऊला मेसेज, पार्सल डिलिव्हरीसाठी निघालं आहे. रोज संध्याकाळी दुसरा, ग्राहक उपलब्ध नाही. ग्राहक दिवसभर पडवीत बसून होता, आंघोळसुद्धा दार उघडं ठेवून करत होता. फोन केला की एक दाबा, दोन दाबा, मग गाणं. पाचव्या दिवशी एक बाई म्हणाल्या, पावसामुळे उशीर होतोय. त्या दिवशी रत्नागिरीत कडकडीत ऊन होतं.

अकराव्या दिवशी मीच गोदामावर गेलो. अर्धं शटर वर, आत एक मुलगा खोक्यांवर बसून वडापाव खात होता. "काका, तुमच्या गावाला आठवड्यातून एकदाच गाडी येते."

"मग रोज सकाळी निघत कोण होतं?"

"ते सिस्टीम टाकते."

पुडकं एका टेबलफॅनच्या खोक्याखाली चपटं होऊन पडलं होतं, मुठीत मावेल एवढं. ते द्यायला ओटीपी हवा, आणि ओटीपी गेला भाच्याच्या फोनवर. भाचा लोकलमध्ये, रेंज नाही. चाळीस मिनिटं मी त्या फॅनकडे बघत उभा होतो.

म्हणून सांगतो, मुंबईहून काही मागवायचं असेल तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे द्यायला सांगा. पहाटे हातखंब्याला तिठ्यावर उभं राहायचं, दोन-चार नोटा द्यायच्या, माल हातात.

सील आले २८ जुलैला. तोवर चाचा हातचे गेले होते. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, सगळ्या बोटींचे विंच त्यांच्याच दारात. "बोटी जाऊ देत, गुरुजी." ते नऊ तारखेला आले.

काम तासा-दोन तासांचंच. सील आधी गरम पाण्यात टाकून नरम केला, मग काजूगरासारखा दुमडून खाचेत सोडला आणि बोटाने सरळ केला. स्क्रूड्रायव्हर जवळही येऊ दिला नाही, सीलच्या ओठाला, म्हणजे तेल अडवणाऱ्या पातळ कडेला, ओरखडा गेला की संपलं. ओठाचं तोंड दाबाच्या बाजूला. मग हवा निघावी म्हणून चारी पाय पाच-सहा वेळा खाली-वर केले. तेलाची पातळी पाय पूर्ण आत घेऊन बघायची. पहिल्या वेळी मी पाय खाली असताना टाकी काठोकाठ भरली होती, पाय वर घेतल्यावर सगळं तेल चपलांवर. आणि तेल कमी पडलं म्हणून ब्रेक ऑइल ओतू नका, त्याने नायट्राइल रबराचे सील फुगतात.

आता गाडी उभी केली की पाय वर. टेकवावेच लागले तर निघताना रॉड गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसतो, वरून सिलिकॉन स्प्रे.

गोण अजून पसरलेलीच आहे. काल सकाळी तिच्यावर लाल डाग दिसला आणि पोटात गोळा आला. बोट लावून वास घेतला. शेजारचे आबा पान खाऊन गाडी बघायला येऊन गेले होते.