कोयासानचा मुक्काम आणि पाहुण्याच्या तोंडचं जपानी

कोयासान हा जपानमधला बौद्ध मठांचा डोंगर. तिथे जायला ओसाकाच्या नांबा स्थानकातून नांकाई रेल्वेने गोकुराकुबाशी गाठायचं. थेट एक्स्प्रेस मिळाली नाही तर हाशिमोतोला गाडी बदलावी लागते. तिथून पाच मिनिटांची केबलकार, मग बस. हा बसचा रस्ता पायी चालायला बंद आहे, त्यामुळे 'चालतच जाऊ' हा मराठी बाणा इथे चालत नाही. ८१६ साली कूकाई या भिक्षूला हा डोंगर मिळाला. आज वर शंभरावर मठ आहेत, त्यातले पन्नासेक पाहुणे ठेवतात. या मुक्कामाला म्हणतात शुकुबो.

आधी उच्चार. इथे मराठी माणसाला आयती सवलत आहे. जपानीतला 'त्सु' म्हणजे चुलीतला 'चू' आणि 'चि' म्हणजे चिमणीतला. 'आरिगातो गोझाइमासु' (धन्यवाद) मधला 'झा' जाळ्यातल्या 'जा'सारखा. शेवटचा 'सु' जवळजवळ गिळायचा, गोझाइमास. चुकतं ते ऱ्हस्व-दीर्घात: 'ओबासान' म्हणजे काकू, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. पन्नाशीच्या बाईसमोर हा 'बा' लांबवू नये.

सकाळी दहापर्यंत 'ओहायो गोझाइमास', दिवसा 'कोन्निचिवा', अंधार पडला की 'कोम्बानवा'. 'ओयासुमिनासाइ' मात्र झोपायला जाताना. रात्री दारात पाऊल टाकताना म्हटलंत तर आल्या आल्या निरोप घेतल्यासारखं होईल. दुकानात शिरताच 'इराश्शाइमासे' ऐकू येतं. त्याला उत्तर नसतं, मान किंचित झुकवली की पुरे. नाव सांगताना स्वतःला 'सान' जोडू नका. आपण स्वतःला 'राव' लावतो का?

मठात पाचच्या आत पोचावं. जेवण साडेपाच-सहाला मांडतात आणि स्वयंपाक त्या हिशेबाने झालेला असतो. उशीर होणार असेल तर फोन करून सांगावं, नाहीतर ताटं मांडून सगळे खोळंबतात. दारात गेन्कान म्हणजे खालच्या पातळीची जागा लागते. तोंड आत ठेवून बूट काढायचे, मोजे खालच्या फरशीला न टेकवता वर चढायचं, मग खाली बसून बुटांची टोकं दाराकडे वळवायची. बऱ्याचदा यजमानच ते करून टाकतात. कोणी मागण्याआधी ओळखून केलेली अशी कामं म्हणजेच 'ओमोतेनाशि'. तुम्ही जेवायला बसलात की खोलीत फुतोन, म्हणजे गादी, अंथरलेली असते. बक्षिसी द्यायची नाही. हातात नोट कोंबली तर समोरचा ती परत करण्याच्या संकोचात पडतो.

आतल्या सपाता लाकडी फरशीपुरत्या. तातामी, म्हणजे गवती चटई, आली की त्या बाहेर. संडासाच्या सपाता वेगळ्या आणि त्या तिथेच राहतात. त्या घालून जेवणघरात पोचणं ही परदेशी पाहुण्यांची सर्वात प्रसिद्ध चूक. युकाताची, म्हणजे सुती किमोनोची, डावी बाजू उजवीवर आली पाहिजे. उलट फक्त प्रेताला नेसवतात.

शाकाहाऱ्यांना कोयासान म्हणजे सुटका. बाहेर 'शाकाहारी' म्हटल्यावरही सूपमध्ये कात्सुओ माशाचं दाशि, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, असतंच, कारण त्याला कोणी मासा समजत नाही. म्हणून सरळ सांगावं: 'निकु मो साकाना मो ताबेमासेन, कात्सुओ नो दाशि मो दामे देस' (मांस-मासे खात नाही, कात्सुओचं दाशिही नको). मठातल्या शोजिन र्योरित, म्हणजे भिक्षूंच्या शाकाहारी जेवणात, दाशि कोंबू या समुद्री शेवाळाचं आणि शिताके अळंब्यांचं. कांदा-लसूणही नाही, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय. तिळाचं गोमा-दोफु मऊ असतं, चॉपस्टिकने हळूच तोडावं. सुरुवातीला 'इतादाकिमास', उठताना 'गोचिसोसामा देशिता'. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नयेत, तसा भात मृतासमोर ठेवतात. इथे साके, म्हणजे तांदळाची दारूही मिळते, पण तिचं मठातलं नाव 'हान्न्यातो', प्रज्ञेचा काढा! 'हान्न्या' हे आपल्या 'प्रज्ञा'चंच रूप.

सकाळी सहाच्या सुमारास प्रार्थना. न्याहारीनंतर ओकुनोइन या जुन्या स्मशानभूमीकडे निघताना म्हणायचं 'इत्तेकिमास', शब्दशः 'जाऊन येतो'. यजमान म्हणतात 'इत्तेराश्शाइ', जाऊन या. परतल्यावर 'तादाइमा', आलो, उत्तर 'ओकाएरिनासाइ'. 'जातो' न म्हणणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

ओकुनोइनच्या देवदारांखाली पाच टप्प्यांचे दगडी स्तूप आहेत. त्यांवर सिद्धम् लिपीत वरून खाली ख, ह, र, व, अ कोरलेलं असतं: आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी. गावातल्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळाही आहे, २०१५ साली देवेंद्र फडणवीसांच्या हस्ते अनावरण झालेला.

निघताना 'सायोनारा' नको, त्यात कायमची ताटातूट ऐकू येते. 'ओसेवा नि नारिमाशिता' म्हणजे 'तुम्ही आमचं फार केलंत', आणि तीसेक अंशात वाकणं, हात न जोडता. बूट दाराकडे तोंड करून तयार असतात. वळणावर एकदा मागे बघा. यजमान बहुधा अजून दारातच असतात, आणि तेव्हा पुन्हा एकदा वाकायचं असतं.